विश्वाला कुंपण कुणी घातले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विश्वाला कड आहे आणि तिथे ते संपते, असे सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. चित्र सुरेख होते. निळी भिंत आणि तिच्यावरून पलीकडे डोकावणारा अंतराळवीर. भिंत काढलीच होती, तर तिच्यावर 'येथे जाहिराती चिकटवू नयेत' एवढे तरी लिहायचे.

आज सोमवार. परिपाठात बातम्या वाचायची पाळी आमच्या नातीची, इयत्ता सातवी. तिने तुमचाच लेख घेतला आणि शेवटी स्वतःचे एक वाक्य जोडले, "ही कड विश्वाची नाही, आपल्याला दिसतं तिथपर्यंतची आहे." बाई म्हणाल्या, "पेपरात छापलंय ते चूक आणि तू बरोबर? बस खाली." शाळेचे नाव लिहीत नाही, पोरीला तिथेच जायचे आहे.

ते वाक्य तिला पर्वतीवर सुचले होते. लेखावरून घरात वाद झाला म्हणून संध्याकाळी दोघे १०३ पायऱ्या चढलो (माझ्या गुडघ्यांचे बिल तुम्हाला पाठवत नाही). हवा धुरकट, स्वारगेटच्या पुढचे जेमतेम दिसत होते. मी विचारले, "पुणं तिथे संपलं का?" म्हणाली, "छे, हडपसरला मावशी राहते की!" मावशीच्या गच्चीवरून पर्वती दिसत नाही, म्हणून आम्ही दोघे नाहीसे झालो नव्हतो.

विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. तेवढ्या काळात जिथला प्रकाश इथवर पोचला, तेवढेच दिसणार. दरम्यान अवकाश ताणले गेल्याने ती सीमा आज सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. पलीकडे बहुधा अशाच दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) असाव्यात, आणि तिथल्यांच्या लेखी आपणच कडेपलीकडचे. तुमची 'भिंत' म्हणजे आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश. त्याआधी विश्व तापलेल्या धुक्यासारखे अपारदर्शक होते. धुक्याला भिंत म्हणायचे, तर पावसाळ्यात सिंहगडावर रोज गवंडीकाम चालते.

शिवाय लेखात 'कोट्यवधी प्रकाशवर्षांपूर्वी' हे काय? प्रकाशवर्ष हे अंतर आहे, प्रकाश वर्षभरात कापतो तेवढे. 'पाच किलोमीटरांपूर्वी जेवलो' असे तुमच्याकडे म्हणतात का?

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून देत. विश्व महास्फोटातून सुरू झाले हा सिद्धांत त्यांना स्वतःला मान्य नव्हता, तरी पुण्याने त्यांना 'बसा खाली' म्हटले नाही. त्याच गावात सातवीतल्या मुलीला तुमचा पेपर दाखवून गप्प केले जाते, याचे वाईट वाटले. चार ओळींचा खुलासा छापावा. कात्रण ती शाळेत नेणार आहे.

ता. क. गेल्या तीन रविवारांच्या शब्दकोड्यांची उत्तरे आलेली नाहीत. तीही कडेपलीकडे गेली का?

– एक जुना वर्गणीदार, सदाशिव पेठ, पुणे ३०