जिना मोडला आणि मी हिंडलो

अहमदाबाद, रविवार रात्र

प्रिय श्री,

पोचल्याचा फोन केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. सुट्टीत पुतणीने घरी केलेलं इमारतीचं मॉडेल मांडीवर घेऊन तिच्यासोबत आलो. वडोदऱ्याच्या आसपास एका काकूंनी त्यावर डब्याची पिशवी टेकवली आणि जिना गेला! पोरगी एक शब्द बोलली नाही. कॉलेजात शिरताच पायरीवर बसली, सनबोर्डच्या पट्ट्या कापून एकेक पायरी फेविकॉलने चिकटवायला लागली. मला तासभर काम नाही, म्हणून हिंडलो.

अरे, या सेप्टमध्ये, म्हणजे तिच्या आर्किटेक्चरच्या कॉलेजात, कुठून आत शिरलो आणि कुठून बाहेर पडलो तेच कळत नाही. विटांच्या जाड समांतर भिंती, वर उघडं काँक्रीट, मधे मोकळी जागा, वारा आरपार. स्टुडिओत उजेड वरून येतो, तोही उत्तरेचा, म्हणजे शीटवर ऊन पडत नाही. मे महिन्यात इथे ये, मग त्याचं मोल कळेल.

वास्तुकलेची ही शाळा सुरू झाली १९६२ला, वास्तुकार बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने, इमारतही त्यांचीच. विद्यापीठ झालं ते थेट २००५मध्ये. आणि हे दोशी आपल्या पुण्याचे बरं का! जन्म १९२७चा, घरचा फर्निचरचा धंदा, शिक्षण मुंबईच्या जे.जे.त, मग पॅरिसला नामवंत वास्तुकार ल कॉर्बुझिएकडे. त्याच्याच इथल्या कामांवर देखरेख करायला आले आणि अहमदाबादचेच झाले. २०१८ला वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं तेव्हा कुठे आपल्याला ते पुणेकर असल्याचं आठवलं.

लायब्ररीने मात्र मला गंडवलं. बाहेरून बेताची वाटते, कारण बरीचशी जमिनीखालीच आहे. इथेच शिकलेल्या वास्तुकार राहुल मेहरोत्रांचं हे काम, २०१७चं. जुन्या विटांवर कुरघोडी नको म्हणून खाली गेले; बारवेत उतरावं तसं आपण उतरत जातो. बाहेरच्या झडपा हाताने फिरवायच्या. मी एक फिरवून पाहिली, तर ऊन सरकून थेट एका पोराच्या पुस्तकावर. त्याने मान वर केली. मी निमूट होती तशी करून ठेवली.

परत आलो तर जिना उभा, पण मूळच्यापेक्षा एक पायरी कमी. ती म्हणते, ज्युरीत, म्हणजे काम तपासताना, कुणी पायऱ्या मोजत नाही. मी शंभराची पैज लावलीय.

मंगळवारी येतो.

तुझा,
नंदू