पोरांच्या जर्नलातले पीआयडी सेम कसे?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना बिलिंग आणि स्टॉकचे छोटे प्रोग्राम लिहून देतो, सगळं लिनक्सवर, कारण एक तर ते फुकट आणि दुसरं म्हणजे कारखान्यातले कॉम्प्युटर इतके जुने असतात की त्यावर दुसरं काही धड चालतच नाही. दर उन्हाळ्यात इंजिनिअरिंगची दोन-चार पोरं इंटर्नशिपला येतात. पोरं हुशार आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या जर्नलबद्दल आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या जर्नलात फोर्क (चालू प्रोग्रामची दुसरी प्रत काढणं), एक्झेक (त्या जागी दुसरा प्रोग्राम चढवणं) आणि वेट (प्रत संपायची वाट बघणं) यांचं प्रॅक्टिकल असतं. यंदा तिघांची जर्नलं बघितली तर तिन्हीत आउटपुट सेम, ते ठीक, पण छापलेले पीआयडीसुद्धा सेम! अहो पीआयडी म्हणजे चालू प्रोग्रामला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या त्या वेळी देतं तो नंबर, तीन पोरांच्या तीन मशीनवर तो एकच कसा येईल? आणि खाली मास्तरांची सही.

आता याचा फटका कसा बसतो ते सांगतो. बिलाची पीडीएफ तयार झाली की ती प्रिंटरला पाठवायची, म्हणजे आपल्या प्रोग्राममधून दुसरा प्रोग्राम चालवायचा. एका पोराने सरळ 'सिस्टिम' फंक्शन वापरलं, कमांड आणि फाइलचं नाव एका ओळीत जोडलं की झालं. फाइलच्या नावात पार्टीचं नाव. चार दिवस मस्त चाललं, पाचव्या दिवशी एका पार्टीच्या नावात ते ॲन्डचं चिन्ह निघालं, 'आणि सन्स'वालं, आणि बिल काही छापेना. टेम्पो भरून दारात उभा, ड्रायव्हरचे तीन चहा झाले, मालकाचा मला फोनवर फोन. झालं काय होतं, की सिस्टिम ती अख्खी ओळ शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात देतं, आणि शेलला ते चिन्ह दिसलं की तो म्हणतो इथपर्यंतची कमांड बॅकग्राउंडला टाका आणि पुढचं नवीन कमांड समजून चालवा. म्हणजे अर्ध्या नावाची फाइल शोधली गेली, जी नाहीच, आणि 'सन्स' नावाची कमांड शोधली गेली, तीही नाही. हे तरी नशीब म्हणायचं, नावात सेमीकोलन टाकून पुढे कुणी मुद्दाम फाइली उडवायची कमांड लिहिली असती तर शेलने तीही इमानदारीत चालवली असती. पायथॉनवाली पोरं 'शेल इक्वल टू ट्रू' लिहून हाच घोळ घालतात. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीसुद्धा असंच लिहायचो.

मग पोराला म्हटलं फोर्क-एक्झेक कर. त्यात फाइलचं नाव वेगळं आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे प्रोग्रामला सुटी दिलेली माहिती म्हणून जातं, मधे शेल येतच नाही, त्यामुळे ते चिन्ह नुसतं एक अक्षर राहतं. पोराला फोर्क-एक्झेकची व्याख्या तोंडपाठ, पण घडतं काय ते माहीत नाही. मी त्याला मागावर नेऊन दाखवलं. एक्झेक म्हणजे माग तोच, मागाचा नंबर तोच, फक्त जुना बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) उतरवून नवा चढवला, म्हणजे पीआयडी तोच पण आतला प्रोग्राम अख्खा बदलला. आणि फोर्क म्हणजे शेजारी हुबेहूब दुसरा माग उभा राहिला, अर्धवट विणलेल्या चादरीसकट, फक्त नंबर वेगळा. त्या 'अर्धवट चादरीसकट'चा अर्थ त्याला दुसऱ्या दिवशी कळला, आउटपुट फाइलमध्ये वळवलं तेव्हा म्हणाला, 'सर, हॅलो एकदाच लिवलोय तर दोनदा येलालंय!' बफरमध्ये, म्हणजे फाइलीत जाण्याआधी मजकूर साठतो त्या जागेत, पडून राहिलेला मजकूरही फोर्कने कॉपी झाला होता आणि मूळ आणि कॉपी दोघांनी संपताना आपापला लिहून टाकला.

पण खरी गंमत पुढे झाली. एका मशीनवर प्रिंटची कमांड इन्स्टॉलच नव्हती. एक्झेक यशस्वी झालं तर परत येत नाही, फेल झालं तर मात्र उणे एक घेऊन परत येतं, आणि पोराने त्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं. मग चाइल्ड प्रोसेस (फोर्कने निघालेली प्रत) बाहेर न पडता सरळ खालचा, म्हणजे पॅरेंटचाच (मूळ प्रोग्रामचाच) कोड चालवायला लागली, दोन्ही प्रोसेस बिलं काढताहेत आणि एकाच नंबरची दोन-दोन बिलं! अकाउंटंटचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. एक्झेकच्या खाली अंडरस्कोअर एक्झिट आणि कंसात १२७, म्हणजे 'इथेच संप', एवढी एक ओळ लिहिली की हे टळतं (१२७ का, तर कमांड सापडली नाही की शेल हाच आकडा देतो).

वेटचंही तसंच. वेट केलंच नाही तर संपलेल्या चाइल्ड झोंबी होऊन, म्हणजे काम संपूनही नंबर अडवून, कर्नलच्या यादीत पडून राहतात, दिवसभर बिलं छापली की संध्याकाळपर्यंत शेकड्यांनी, आणि युजरची प्रोसेसची लिमिट भरली की फोर्कच नाही म्हणतो.

ही भानगड जुनीच आहे हां. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९६९ ला पीडीपी-७ या कॉम्प्युटरवर युनिक्स, म्हणजे लिनक्स ज्या धर्तीवर आहे ती ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू केलं, त्यावर फोर्क बसवायला असेंब्लीच्या (मशीनच्या अगदी जवळच्या भाषेच्या) फक्त २७ ओळी लागल्या असं रिचींनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि फोर्क आला तशी त्यांची डिरेक्टरी (फोल्डर) बदलायची कमांड बंद पडली, कारण ती चाइल्डमध्ये चालायची, चाइल्ड आपली डिरेक्टरी बदलायची आणि मरून जायची, पॅरेंट शेल जिथल्या तिथे. म्हणून डिरेक्टरी बदलायची 'सीडी' ही कमांड आजही शेलच्या आतच असते. व्याख्या दहादा लिहून घेण्यापेक्षा हा किस्सा वर्गात एकदा सांगा, पोरं विसरणार नाहीत.

आमच्याकडच्या कॉलेजांना माझं म्हणणं एवढंच, की या प्रॅक्टिकलला लिखित आउटपुट घेऊच नका. परीक्षकाने समोर बसून मुद्दाम चुकीचं प्रोग्रामचं नाव द्यायला सांगावं आणि काय होतं ते विचारावं, दहा मिनिटांचं काम आहे. लॅबमधले कॉम्प्युटर बंद असतात ही सबब मी ऐकलीय, पण याला लागतो कितीसा कॉम्प्युटर? माझ्या ऑफिसात भंगारात काढलेल्या दोन मशीनवर हे सगळं चालतं.

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर