दिवाळीत सांगितलं ते खरं नव्हतं

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. तुझे मिस्ड कॉल दिसत होते, पण फोन लावायचं धाडस झालं नाही. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर ठीक. झालं तब्येतीचं.

थोड्याशा रक्तावरून मुलांच्या अंगात साठलेलं लोखंड कळेल, असं दिवाळीत तुला जे सांगितलं आणि ऐकून तू रडलीस, ते चुकलं गं. नमुन्यांत जे चुंबकत्व दिसलं, ते रक्तातलं नव्हतंच.

थॅलसेमियाच्या, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणाऱ्या मुलांचं रक्त सुकवून, त्याची पूड जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून आम्ही मॅग्नेटोमीटरला, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राला लावत होतो. रक्तातल्या लोखंडाचं चुंबकत्व अगदी क्षीण. प्राणवायू धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरतं, सोडलेलं किंचित ओढलं जातं. पॉलिंग आणि कोरियेल यांनी ते १९३६ सालीच दाखवलंय. म्हणजे आलेख सरळ रेषेत यायला हवा. आमच्याकडे मुलांच्या नमुन्यांत लूप, म्हणजे लोखंडाच्या तुकड्याचा येतो तसा बंद वळसा येत होता आणि निरोगी माणसांच्या नमुन्यांत नाही. मला वाटलं, साठलेल्या लोखंडाची खूण सापडली. थोड्याशा रक्तावर कळेल, एमआरआयचा खर्च नको. पेपर लिहिला, पाठवला, परीक्षकांना आवडलासुद्धा.

गेल्या महिन्यात सहज एक रिकामी कॅप्सूल लावली. लूप! तासभर नुसती बसून राहिले. मग उलगडलं. मुलांची पूड बाटलीला चिकटायची, म्हणून माझी विद्यार्थिनी ती स्टीलच्या स्पॅच्युलाने खरवडायची. निरोगी माणसांची सुटी व्हायची, ती प्लास्टिकच्या चमच्याने. रिकामी कॅप्सूलही त्याच स्पॅच्युलाने उघडलेली. एक मायक्रोग्रॅम लोखंडाचा कण आमच्या अख्ख्या नमुन्याला झाकून टाकतो. चूक पोरीची नाही, नमुने कसे हाताळायचे ते मी तिला नीट सांगायला हवं होतं. फेलोशिपचं तिचं शेवटचं वर्ष आहे आणि अजून तिला सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती हसत येते आणि मी दुसराच विषय काढते.

पेपरमधले एक जोडीदार म्हणतात, मर्यादांत एक ओळ घाला आणि जाऊ द्या. त्यांचं ऐकताना मला आपलं एफवायचं प्रॅक्टिकल आठवलं. बार पेंडुलम. गुरुत्वाच्या g चं उत्तर ९.४ येत होतं, मी दोन रीडिंगं बदलून ते ९.८ वर आणलं आणि तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून भिंतीशी बोलायचीस, "भिंती, मीठ दे." तेव्हा तुझा राग आला होता. आता मला तुझा तोच राग हवा आहे.

सुमे, मला छोटू दिसतो. तुमच्या पेठेतल्या घरी राहायला आले की रात्रभर त्याच्या पोटाला लावलेल्या, लोखंड बाहेर काढणाऱ्या औषधाच्या पंपाची घरघर ऐकू यायची. आठ-दहा तास सुई, तीही आठवड्यातल्या बहुतेक रात्री. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोखंड येतं आणि शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. त्यात यकृताचं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक असतं, ते आतड्यातून येणाऱ्या लोखंडाची वाट अडवतं. या मुलांची हाडांतली मज्जा रक्त बनवायला धडपडत असते. तिच्याच सांगण्यावरून हेप्सिडिन कमी होतं आणि भरल्या घरात आणखी लोखंड शिरतं. त्याला मिसरूड फुटत नाही म्हणून आपण चिडवायचो, आठवतं? ते लोखंड मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीत जाऊन बसतं, म्हणून मुलं वयात येत नाहीत. मला हे कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. हृदयातलं लोखंड एमआरआयच्या टी-टू-स्टार नावाच्या मापाने मोजता येतं, ते २००१ साली लंडनच्या डॉक्टरांनी छापलं. लोखंड जास्त तितका आकडा कमी, वीस मिलिसेकंदांच्या खाली गेला की धोका. छोटूला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्याचसाठी मी या कामात शिरले, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. रक्त चढवायच्या वॉर्डात एका मुलीची आई मला विचारते, "मॅडम, मशीन कधी सुरू होणार?" तिच्या मुलीच्याही ओठांवर छोटूसारखीच फिकट छटा आहे. तिला काय सांगू? दर खेपेला ती डब्यातली एक चपाती मला देते आणि मी खाते.

तुझी नाशिकची बदली पक्की झाली ना? लेकीच्या अॅडमिशनचं काय झालं? भावजींना नमस्कार. तू सविस्तर लिही, मी आज धड विचारूही शकत नाहीये.

पेपर मागे घेतल्याचा मेल लिहून तयार आहे. उद्या आधी पोरीला सांगते, मग तो पाठवते. नमुने पुन्हा करायचे, सगळे प्लास्टिकच्या चमच्याने. लूप येणार नाही, बहुतेक सरळ रेषच येईल. तरी करायचे.

काकूंना मात्र तू काही सांगू नकोस. दिवाळीत ऐकल्याबरोबर त्यांनी देवापुढे साखर ठेवली होती. शनिवारी सकाळच्या एसटीने येते, माझं मीच सांगेन.

तुझी,
मनी