मूल शेवटच्या रिळापुरते नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलिंगी पालकांच्या चित्रपटांवरील आपल्या पुरवणीतील लेखात पालकांविषयी पुष्कळ होते, मुलांविषयी मात्र ओझरतेच. हा दोष एकट्या लेखाचा नाही, बहुतेक चित्रपटांचाही आहे.

‘बधाई दो’ (2022) पाहा. घरच्यांचा तगादा चुकवण्यासाठी एक समलिंगी पुरुष आणि एक समलिंगी स्त्री एकमेकांशी लग्न करतात, आणि बाळ घरात येते तेव्हा चित्रपट संपत आलेला असतो. दिग्दर्शक हर्षवर्धन कुलकर्णी यांनी विषयाची थट्टा होऊ दिली नाही, हे मान्यच. परंतु उद्या त्या बाळाचे नाव शाळेत घालताना जनरल रजिस्टरमध्ये लग्नाच्या जोडीदारांचीच नावे लागतील आणि त्यातील पत्नी सुमी हिची खरी सोबतीण रिमझिम कोणत्याच रकान्यात बसणार नाही, हे पाहायला चित्रपट थांबत नाही. प्रवेशाचे अर्ज तपासण्यात माझी सारी नोकरी गेल्यामुळे मला हे खटकले असेल.

‘द किड्स आर ऑल राइट’ (2010) या अमेरिकन चित्रपटात मुले मोठी आहेत, दोन आयांच्या घरात वाढलेली आहेत, आणि जेवणाच्या टेबलावरची त्यांची कटकट अस्सल आहे. तरीही कथा पुढे जाते ती त्यांनी शुक्राणुदात्याचा शोध घेतल्यावर, आणि मग एक आई त्याच पुरुषात गुंतते. दोन स्त्रियांच्या घरात पुरुषाची उणीव असणारच, हे गृहीत धरल्यासारखे वाटते. आपल्याकडे आई आणि मावशीने किंवा आजीने मिळून वाढवलेली मुले गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याविषयी अशी शंका कोणी घेत नाही.

नाट्य हवेच असेल, तर ते कायद्यात भरपूर आहे. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अविवाहित जोडप्यांना, म्हणजे पर्यायाने समलिंगी जोडप्यांनाही, संयुक्तपणे दत्तक घेण्याचा हक्क 3 विरुद्ध 2 मतांनी नाकारला. एकटी व्यक्ती दत्तक घेऊ शकते, त्यामुळे अशा घरातील मुलाला कायद्याने एकच पालक असतो. तो पालक दगावला, तर रोज डबा भरून देणारी दुसरी व्यक्ती कागदोपत्री परकी ठरते. आणि तीच मृत्युपत्र न करता गेली, तर मुलाला तिच्या मालमत्तेत वारसाहक्क नसतो. एवढी जिवंत पटकथा समोर असताना लेखक अजून ‘घरच्यांना कसे सांगायचे’ या प्रसंगातच अडकून का पडतात, हे कळत नाही.

मराठी दिग्दर्शकांना हे जमण्यासारखे आहे. आपली आई जन्मदाती नाही हे कळलेल्या मुलाचे मन ‘नाळ’ने (2018) त्याच्याच उंचीवरून दाखवले होते, आणि जुन्या काळचे चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या या कोल्हापुरातील प्रेक्षकांनाही ते समजावून सांगावे लागले नव्हते. पुढील लेखात आपल्या समीक्षकांनी अशा प्रत्येक चित्रपटाबाबत मूल किती वेळ पडद्यावर आहे आणि ते स्वतःच्या तोंडाने काय बोलते, एवढे जरूर नोंदवावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
राजारामपुरी, कोल्हापूर