जड मोटारसायकल पडते ती थांबताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाची पहिली झड उघडली की शनिवार-रविवारी नागपुरातून रामटेक, खिंडसी, पेंच आणि थेट पचमढीकडे निघणाऱ्या जड मोटारसायकलींची संख्या वर्षागणिक वाढताना दिसते. या गाड्यांचा वेग, त्यांच्या सायलेन्सरचा कर्कश आवाज आणि हेल्मेट आरशाला अडकवून फिरणारे चालक यांच्याविषयी बरेच लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र ज्या गोष्टीविषयी कोणी लिहीत नाही तिच्याकडे लक्ष वेधायचे आहे. माझ्या पाहण्यात या गाड्या धावताना क्वचितच पडतात. त्या पडतात थांबताना, वळवताना आणि स्टँडवर लावताना. पडलेली गाडी उचलताना चालकाच्या कमरेला, पायाला आणि पुष्कळदा गाडीलाही जी इजा होते, ती पडण्याने झालेल्या इजेहून मोठी असते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. निवृत्तीनंतर मी हिमालयन ही 199 किलो वजनाची गाडी घेतली, आणि माझे स्वतःचे वजन 62 किलो आहे. आपल्या शहरातील अनेक सिमेंट रस्ते शेजारच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झालेले आहेत, हे वाचकांना सांगायला नकोच. अशाच एका रस्त्याच्या कडेला फोन घेण्यासाठी मी थांबलो आणि सवयीने डावा पाय टेकवला, तर पायाखाली रस्ता नव्हताच, जमीन वीतभर खाली होती. पाय टेकेपर्यंत गाडी इतकी कलली होती की ती सावरणे शक्य नव्हते. मी बाजूला झालो आणि गाडी डाव्या अंगावर पडली. इथवर कोणाला काहीच झाले नव्हते. जवळच्या चहाच्या टपरीवरून तीन तरुण धावत आले आणि "काका, तुम्ही पलीकडून धरा, आम्ही उचलतो" असे म्हणून त्यांनी एकदम हिसका दिला. गाडी उभी तर राहिलीच, पण त्या जोरात न थांबता पलीकडे उजवीकडे, म्हणजे माझ्या अंगावर आली, आणि तापलेला सायलेन्सर माझ्या पोटरीला चिकटला. त्या मुलांचा हेतू चांगलाच होता. चूक माझी होती, कारण काय करायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते.

पुढे एका अनुभवी मेकॅनिककडून जी रीत शिकलो, ती सविस्तर सांगतो. गाडी पडल्यावर आधी हँडलवरचे लाल बटण दाबून इंजिन बंद करावे आणि किल्ली फिरवावी. पेट्रोल गळत असेल तर आजूबाजूच्या माणसांना विडी-सिगारेट विझवायला सांगावे. मागच्या पेट्या आणि बॅगा काढून ठेवाव्यात. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड वरच्या बाजूला मोकळा असतो, म्हणून तो उचलण्यापूर्वीच बाहेर काढून ठेवावा, म्हणजे गाडी जास्त जोराने वर आली तरी पलीकडे न कोसळता स्टँडवर टेकते. डावीकडे पडलेल्या गाडीचा स्टँड अंगाखाली असल्यामुळे ही सोय नसते, म्हणून तेव्हा अधिक जपावे लागते. चाके घरंगळू नयेत यासाठी गाडी गिअरमध्ये असावी. ती न्यूट्रलमध्ये असेल तर पुढच्या ब्रेकची मूठ सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधावी. अशी पट्टी मी आता हँडललाच गुंडाळून ठेवली आहे.

त्यानंतर हँडल पडलेल्या बाजूकडे पूर्ण वळवावे. असे केल्याने खालची मूठ टाकीजवळ येते. मग गाडीकडे पाठ करून बसल्यासारखे वाकावे, कुल्ले सीटच्या कडेला टेकवावेत, एका हाताने ती खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचे कॅरिअर किंवा चेसिसचा पक्का भाग धरावा, इंडिकेटर किंवा प्लॅस्टिक धरू नये. पाठ सरळ, मान वर, आणि पाय वीतभर अंतरावर घट्ट रोवलेले असावेत. आता हातांनी ओढायचे नाही. मांड्यांच्या जोरावर गाडीला मागे रेटत अगदी लहान पावलांनी उलटे चालायचे. डावीकडे पडलेल्या गाडीच्या बाबतीत हातात येते ती क्लचची मूठ. ती नकळत दाबली गेली तर गिअरचा अटकाव सुटतो आणि गाडी सरकते, म्हणून चार बोटे त्या दांड्याखाली न घालता फक्त रबराभोवती ठेवावीत. सर्वांत जास्त जोर सुरुवातीच्या हातभर उंचीला लागतो. तेथून पुढे वजन हळूहळू चाकांवर जाते आणि शेवटी गाडी जवळजवळ आपणहून उभी राहते. नेमके त्याच वेळी जोर काढून घ्यायचा असतो, आणि त्या तरुणांनी नेमका तेव्हाच तो वाढवला होता. गाडी उभी झाली की कमरेने तिला टेकू देऊन टाचेने साइड स्टँड चाचपून काढावा. मदतीला माणूस असेल तर त्याने गाडी समोरासमोर उचलू लागण्यापेक्षा पलीकडून तळवे लावून तिला तोलून धरावे, मात्र सायलेन्सरपासून दूर उभे राहावे.

ही रीत पाहिल्यावर मला माझ्या आजोबांची आठवण झाली. काळ्या मातीत बंडीचे चाक फसले की ते दोरी ओढत बसत नसत, चाकाला पाठ लावत. आम्ही मोटारसायकलवाले मात्र चारचौघांत लाज वाटते म्हणून घाईघाईने वाकून हातांनी हिसका मारतो आणि महिनाभर कमरेला पट्टा बांधतो. उतारावर किंवा चिखलात पाय रोवता येत नसतील, अथवा पाठीचे जुने दुखणे असेल, तर एकट्याने प्रयत्नच करू नये. तसेच गाडी ठरावीक कोनापलीकडे कलल्यावर तिला धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. पाय बाहेर काढून तिला पडू द्यावे. लेग गार्डला ओरखडे पडले तरी चालतात. उचलल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये, काही मिनिटे थांबावे. फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांमध्ये पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, म्हणून किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ती सुरूच होत नाही, आणि लोक उगाच बॅटरीला दोष देतात.

आता उभी करण्याविषयी. नागपूरच्या उन्हाळ्यात डांबर इतके मऊ होते की दुपारी साइड स्टँडवर लावलेली गाडी तासाभरात स्टँड रुतून आडवी झालेली मी पाहिली आहे. पावसाळ्यात हेच काम काळी माती करते, आणि सैल बसवलेले गट्टूही तितकेच फसवे असतात. स्टँडखाली चपटा दगड, फरशीचा तुकडा किंवा लाकडाची फळी ठेवणे एवढाच यावर उपाय आहे. रामटेकच्या गडावर जाताना चढाच्या दिशेने तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये टाकून गाडी लावावी. उताराकडे तोंड केलेली गाडी स्टँडवरून पुढे सटकते, आणि परत निघताना दोनशे किलो वजन चढावर मागे ढकलणे एकट्याला जमत नाही. आडव्या उतारावर उजवी बाजू खोलगट असेल तर गाडी फार ताठ उभी राहते आणि वाऱ्याच्या किंवा शेजारच्या गाडीच्या धक्क्याने उजवीकडे जाते, त्यामुळे अशी जागा सोडून द्यावी हेच बरे. डबल स्टँडवर घेतानाही गाडी उचलायची नसते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकल्याची खात्री करून, त्याच्या दांड्यावर उजव्या पायाने उभे राहिल्यासारखे सगळे वजन टाकले की गाडी वर चढते, आणि हात फक्त तोल सांभाळतात.

वाहनतळांवर काम करणाऱ्या मुलांशीही एकदा बोलले पाहिजे. चार गाड्या जास्त मावाव्यात म्हणून ती मुले लॉक केलेल्या गाडीचे मागचे चाक उचलून सरकवतात. स्कूटरला ते चालते, पण जड गाडीला नाही. अशी एक गाडी कलंडली की तिच्या शेजारच्या पाच-सहा गाड्या रांगेने आडव्या होतात. जड गाड्यांसाठी सिमेंटच्या सपाट पट्ट्याची वेगळी रांग आखणे वाहनतळ चालवणाऱ्यांना काही अवघड नाही.

आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकच आहे. 112 किलोंच्या स्प्लेंडरवर तो मिळवलेला माणूस त्याच परवान्यावर 241 किलोंची सुपर मिटिऑर घेऊन निघू शकतो. जपानमध्ये 400 सीसीवरील गाडीच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेणाऱ्याला आडवी केलेली गाडी एकट्याने उभी करावी लागते. आपल्याकडे कायदा बदलेल तेव्हा बदलो, पण गाडीची डिलिव्हरी देताना हार, नारळ, पेढे आणि फोटो यांत जो अर्धा तास जातो, त्यातली दहा मिनिटे विक्रेत्यांनी यासाठी द्यावीत, एवढीच माझी विनंती आहे. नवीकोरी गाडी कोणी आडवी पाडू देणार नाही, हे मला कळते. माझ्या गाडीला दोन्ही बाजूंनी ओरखडे आधीच पडलेले आहेत. नागपुरातील ज्या विक्रेत्याला हे सुरू करायचे असेल, त्याला ती रविवारी सकाळी सरावासाठी द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
प्रतापनगर, नागपूर