आई-बाबांना पत्र: मेलबर्नच्या मैदानावरचे पाच गुण

पर्थ, ७ ऑक्टोबर २०१८

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

येत्या बुधवारी घट बसतील आणि मग आईला कागद हातात धरायलाही सवड मिळणार नाही, म्हणून आजच लिहायला बसले आहे. बाबांना मोबाइलच्या पडद्यावर वाचताना डोळ्यांना त्रास होतो, तेव्हा दादाला हे मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितले आहे. त्याने आळस केला तर मला कळवा.

मावशीने फोनवर जे सांगितले ते खरे आहे. मेलबर्नच्या ऑफिसातली जागा मी घेतलेली नाही आणि तसे लेखी कळवूनही टाकले आहे. मात्र “मॅच बघून पोरीचे डोके फिरले” हे तिचे म्हणणे मला मान्य नाही. मॅच पाहिली हे खरे, मनातला घोळ तिथेच मिटला हेही खरे. पण ती मॅच काय होती हे तुम्हाला नीट कळले तर तुम्ही मला वेडी म्हणणार नाही, अशी आशा आहे.

ही मॅच ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, आणि वेस्ट कोस्ट ईगल्स हा त्यातला आमचा पर्थचा संघ. यंदा साखळी संपली तेव्हा तो दुसऱ्या क्रमांकावर होता आणि मेलबर्न शहरातला कॉलिंगवुड हा संघ तिसऱ्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या नव्या स्टेडियमवर ईगल्सनी याच कॉलिंगवुडला १६ गुणांनी हरवले होते आणि उपांत्य सामन्यात मेलबर्न नावाच्याच दुसऱ्या संघाचा ६६ गुणांनी धुव्वा उडवला होता. एवढे करूनही अंतिम सामन्यासाठी त्यांनाच विमानाने २,७०० किलोमीटर जावे लागले, कारण हा सामना मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच होईल असा करार आहे आणि याच वर्षी तो २०५७ पर्यंत वाढवला गेला. वरचा क्रमांक मिळवायचा आणि पाहुणे म्हणून खेळायचे, असा हा न्याय! कॉलिंगवुडची माणसे ट्रामने घरून मैदानावर येतात.

ते मैदान तर बाबांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. १९८१ च्या फेब्रुवारीतली कसोटी तुम्ही आम्हाला इतक्या वेळा ऐकवली आहे की गावसकर रागाने चेतन चौहानला घेऊन चालू लागले तो क्षण मी प्रत्यक्ष पाहिला आहे असे मला अजूनही वाटते. ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या आणि मांडीच्या दुखापतीवर इंजेक्शन घेऊन उतरलेल्या कपिलने २८ धावांत पाच बळी घेऊन त्यांना ८३ वर गुंडाळले. त्याच गवतावर २९ सप्टेंबरला मी १,००,०२२ माणसांत बसले होते. जेरेमी मॅकगव्हर्न नावाचा आमचा बचावपटू बरगड्यांच्या दुखापतीमुळे खेळणार की नाही, याची पर्थमध्ये आठवडाभर धाकधूक होती; तो मैदानात येताना दिसला तेव्हा मला पहिली आठवण बाबांच्या कपिलची झाली.

शिवाय नॅटानुई हा आमचा सर्वांत उंच उडी घेणारा खेळाडू गुडघा दुखावून घरी बसला होता, आणि अँड्र्यू गॅफ प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारल्याबद्दल आठ सामन्यांची शिक्षा भोगत होता. (आई, त्या गॅफबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही, हे लिहून ठेवते.) अशा मोडक्या संघाविरुद्ध कॉलिंगवुडने पहिले पाचही गोल केले. आजूबाजूचा काळा-पांढरा समुदाय उभा राहून गर्जना करत होता आणि निळे-पिवळे मफलर घातलेले आम्ही परगावच्या लग्नात चुकीच्या पंक्तीला बसल्यासारखे गप्प होतो. माझ्या शेजारच्या वृद्ध बाईंनी न बोलता त्यांच्या थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला.

मग आमची माणसे हळूहळू परत आली. एकदम काही चमत्कार झाला नाही. एक गोल, एक चूक, पुन्हा एक गोल, असे करत शेवटच्या क्वार्टरला सुरुवात झाली तेव्हा गुण बरोबरीत होते. त्यानंतर कॉलिंगवुड पुन्हा पुढे गेले. शेवटची काही मिनिटेच उरली होती आणि ईगल्स अजून मागेच होते, तेव्हा आमच्या टोकाला मॅकगव्हर्नने चेंडू हवेतच अडवून पकडला. या खेळात लाथाडलेला चेंडू स्वच्छ झेलला की त्याला मार्क म्हणतात आणि झेलणाऱ्याला थांबून मोकळेपणाने लाथ मारता येते. मॅकगव्हर्नकडून वार्डीकडे, वार्डीकडून लियाम रायनकडे, रायनकडून डॉम शीडकडे, असा तो लंबगोल चेंडू मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जमिनीला न टेकता गेला. यातला वार्डी हा नॅटानुई नसल्यामुळे उभा असलेला माणूस, हे विशेष. शीडने तो झेलला तेव्हा तो सीमारेषेला जवळजवळ चिकटून होता. तिथून गोलाचे खांब एकामागे एक दिसतात, मधली फट दिसतच नाही. समोर कॉलिंगवुडचे लोक हात हलवून ओरडत होते. त्याने दोन-चार पावले धावून डाव्या पायाने चेंडू मारला आणि तो त्या न दिसणाऱ्या फटीतून गेला.

आता बाबांसाठी हिशेब. मधल्या दोन खांबांतून गेला तर गोल, त्याचे सहा गुण. थोडा हुकून बाजूच्या खांबाच्या आत गेला तर बिहाइंड, त्याचा एकच गुण. दोन्ही संघांनी बरोबर ११ गोल केले. ईगल्सचे बिहाइंड १३, कॉलिंगवुडचे ८. म्हणजे ७९ आणि ७४. तुम्ही वहीत मांडून पाहाल हे मला माहीत आहे, आणि मांडाल तेव्हा ध्यानात येईल की सामना जिंकून दिला तो हुकलेल्या चेंडूंनी. उत्कृष्ट खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक ल्यूक शुईला मिळाले, तो मूळचा मेलबर्नचाच मुलगा. २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू संघांत वाटून घेतात तेव्हा, पर्थच्या वाट्याला आला आणि तिथलाच होऊन राहिला.

संध्याकाळी मावशीकडे गेले तर तिच्या धाकट्याने काळा-पांढरा शर्ट बदललाही नव्हता आणि तो ताटात बघून जेवत होता. मावशीने माझ्या आवडीचे भरले वांगे केले होते, अंथरूण घातले होते, ऑफिसजवळची भाड्याची घरेही पाहून ठेवली होती. तिच्या मायेत काही कमी नाही, हे तिला तुम्ही आवर्जून सांगा. पण त्या दिवशी त्या शहरात मी दिवसभर कोणाच्या बाजूने ओरडले होते, हे मला ठाऊक होते. माझी माणसे पर्थची आहेत, आई. तो चहा देणाऱ्या बाई माझ्याच उपनगरातल्या निघाल्या आणि परतीच्या विमानतळावर त्यांनी मला त्यांच्या घरी जेवायला बोलावले.

आता तुमच्या काळजीबद्दल. पर्थ भारताच्या घड्याळापेक्षा अडीच तासच पुढे आहे. मेलबर्न साडेचार, आणि आजपासून त्यांची घड्याळे बदलल्यामुळे साडेपाच. तुमची संध्याकाळची दिवाबत्ती झाली की मी फोनवर असते, ते तिथून जमले नसते. पर्थहून घरी यायला विमानही मेलबर्नपेक्षा कमी वेळ घेते. खाण्याचे हाल नाहीत: ज्वारीचे पीठ मिळते, गोडा मसाला अजून अर्धी बरणी आहे, आणि मेलबर्नच्या गारठ्यात मी आईने विणलेला करडा स्वेटर मफलरच्या आत घातला होता, त्याचा फोटो दादाकडे आहे. पगाराचा फरक फार मोठा नव्हता, आणि असता तरी तिथल्या भाड्यातच गेला असता.

लहानपणी ताप आला की बाबा रेडिओ माझ्या उशाशी आणून ठेवायचे आणि आवाज इतका बारीक करायचे की फक्त आम्हा दोघांनाच ऐकू यावा. शीडच्या लाथेच्या वेळी तुम्ही शेजारी असता तर बरे झाले असते, इतकेच वाटले.

दिवाळीला मी येत नाही. संक्रांत झाली की येते, म्हणजे बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी हजर असेन. तोवर बाबांनी अंधार पडल्यावर स्कूटरला हात लावायचा नाही आणि रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, आठवेल तेव्हा नाही. आईने नऊ दिवसांचे उपवास करायचे नाहीत. उठता-बसता धरलेस तरी देवीला पुरेसे आहे, आणि साबुदाणा म्हणजे उपास नव्हे, हे डॉक्टरांनी तुला माझ्यासमोर सांगितले आहे. साखर तपासून आकडा मला कळव, दादाला नको, तो विसरतो.

मावशीवर रागावू नका आणि तिने काही म्हटले तर माझी बाजूही फार मांडू नका. शेवटच्या काही मिनिटांची चित्रफीत दादाला पाठवली आहे; ती टीव्हीवर मोठी करून लावायला सांगा, आणि बाबा, शीड कुठे उभा आहे ते आधी नीट बघा.

तुमची लेक