वजनाचा दोष एकट्या इच्छाशक्तीवर नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील लठ्ठपणावरच्या लेखांत एक वाक्य हमखास असते: 'जिभेवर ताबा ठेवला की वजन आपोआप उतरते.' मी जीवशास्त्र शिकवते. या वाक्याला विज्ञानाचा आधार नाही, आणि ते वाचून किती जण मनातल्या मनात खचत असतील, या विचाराने मी अस्वस्थ होते.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये उंदरांची काही पिल्ले अफाट लठ्ठ निघाली. वाढल्यावर त्यांचे वजन सामान्य उंदराच्या जवळपास तिप्पट होई. कारण होते एकाच जनुकातला बिघाड. पुढे तिथेच लठ्ठ आणि मधुमेही उंदरांचा दुसरा वाण सापडला. डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रियेने दोन-दोन उंदीर असे जोडले, की एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात फिरावे. मधुमेही उंदराला जोडलेला धडधाकट उंदीर खाणे सोडून उपासमारीने मेला. पहिल्या वाणातला लठ्ठ उंदीर मात्र सामान्य उंदराला जोडल्यावर कमी खाऊ लागला. कोलमन यांनी ताडले, की 'आता पुरे' असा निरोप रक्तातून फिरतो. पहिल्या वाणात तो तयारच होत नाही, दुसऱ्यात भरपूर तयार होतो, पण मेंदूला तो कळत नाही. हे अनेकांच्या पचनी पडले नाही, कारण लठ्ठपणा म्हणजे निव्वळ वागण्यातला दोष, असेच तेव्हा शास्त्रज्ञांमध्येही मानले जाई. अखेर १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते जनुक हुडकले. चरबीच्या पेशींतून पाझरणारे लेप्टिन हे संप्रेरक म्हणजेच तो निरोप.

या उंदरांना सामान्य उंदरांइतकेच मोजून खायला दिले, तरी त्यांच्या अंगावर चरबी जास्तच साठते. म्हणजे प्रश्न केवळ किती खाल्ले याचा नाही. खाल्लेल्याचे शरीर काय करते, याचाही आहे.

उंदरांवरून माणसाचे कसे ठरवायचे, ही शंका रास्त आहे. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना एकाच कुटुंबातली दोन चुलत भावंडे आढळली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांच्याही शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाल्यावर त्या मुलीचे वजन वर्षभरात सुमारे १६ किलोंनी उतरले. तिची इच्छाशक्ती तीच होती. मिळाले ते फक्त शरीरात नसलेले संप्रेरक.

अशी उदाहरणे फार दुर्मीळ आहेत, हे सांगितलेच पाहिजे. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्त असते, त्यामुळे ते टोचून फारसे काही साधत नाही. सर्वसामान्यांत शेकडो जनुके थोडा थोडा हातभार लावतात. २००७ मध्ये पुढे आलेल्या एफटीओ या जनुकाचा जोखमीचा प्रकार आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्यांचे वजन सरासरी ३ किलो जास्त भरले, एवढेच. पण सगळ्यांचा मिळून परिणाम मोठा होतो. क्लोद बुशार यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना एकूण ८४ दिवस गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाचे वजन ४ किलोंनी वाढले, कुणाचे १३ किलोंनी! मात्र जुळ्या भावांची वाढ एकमेकांशी बरीच जुळली, आणि पोटाच्या आत किती चरबी साठली यातही ते साम्य दिसले. जास्तीचे खाणे सगळ्यांना तेवढेच होते.

यावर हमखास प्रश्न येतो, की गेल्या काही दशकांत जनुके तर बदलली नाहीत, मग लठ्ठपणा का वाढला? बदलले ते खाणे आणि हालचाल, हे खरेच. पण त्या बदललेल्या परिस्थितीत कोण फुगतो आणि कोण सडपातळ राहतो, यात जनुकांचा वाटा मोठा आहे. व्यायाम सोडून द्यावा असा याचा अर्थ मुळीच नाही. शरीराने सक्रिय असणाऱ्यांत एफटीओमुळे वाढणारी जोखीम जवळपास २७ टक्क्यांनी कमी आढळली आहे.

तेव्हा विनंती अशी, की चेहरा कापून नुसते सुटलेले पोट दाखवणारी छायाचित्रे छापणे बंद करावे. आणि अगदी लहानपणापासून न शमणारी भूक व झपाट्याने वाढणारे वजन असलेल्या मुलांच्या पालकांसाठी जनुकीय तपासणीची माहिती द्यावी. भूक आवरणाऱ्या निरोपाच्या मार्गातल्या काही दुर्मीळ बिघाडांवर सेटमेलानोटाइड या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली आहे. ते कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हे एखाद्या तज्ज्ञाकडून लिहून घेतल्यास अशा पालकांना डॉक्टरांना नेमके काय विचारायचे ते कळेल.

आपली,
एक नियमित वाचक